यंत्रातलं गाऱ्हाणं

बाबांच्या घशात कॅन्सर आहे आणि आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या मॉनिटरकडे बघत होते. त्यांनी तो आमच्याकडे वळवला आणि माउसने फोटोवर गोल काढायला गेले. गोल भलतीकडेच उमटला. तो पुसायचं बटण त्यांना सापडेना. मी मनात टिपलं, बटण फार लहान आहे आणि कोपऱ्यात आहे. बाप मुका होणार हे ऐकताना लेकीच्या डोक्यात बटण यावं, याला काय म्हणायचं ते म्हणा. मला काही वाटतच नव्हतं. भीती नाही, रडू नाही. पाय तेवढे गार पडले होते.

बाबा शेजारी बसून डॉक्टरांना म्हणाले, “म्हंजे अजिबात बोलता येनार न्हाय?”

डॉक्टर म्हणाले, “ओठ हलतील. आवाज येणार नाही.”

“बरा,” बाबा म्हणाले, आणि उठून चपला शोधू लागले.

बघत राहणं हाच माझा धंदा. माणूस यंत्र वापरतो तेव्हा कुठे अडतो, कुठे चिडतो, कुठलं बटण दाबायचं सोडून कुठलं दाबतो, याचा अभ्यास करणारी संगणकशास्त्राची एक शाखा आहे. त्यात माझं सगळं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. गावी आले की कुणीतरी बंद पडलेला मोबाइल घेऊन येतोच. मी त्यांना सांगते की बाबांनो, मी यंत्राकडे बघत नाही, यंत्र हातात घेतलेल्या माणसाकडे बघते. त्यावर आमच्या वाडीतलं उत्तर ठरलेलं, “म्हंजे काम काय करतंस?”

काम असं की माणसाला यंत्रासमोर बसवायचं, मागे उभं राहायचं आणि गप्प राहायचं. तो चुकला तरी सांगायचं नाही. तो रडकुंडीला आला तरी हात पुढे करायचा नाही, कारण आपण मदत केली की यंत्राचा दोष झाकला जातो. पहिल्यांदा मला हे फार जड गेलं. एक बाई पैसे काढायच्या मशीनसमोर घामाघूम होऊन उभी होती आणि मी मागे हाताची घडी घालून उभी. मग सवय झाली. सवय इतकी झाली की घरातलं दुखणंखुपणंसुद्धा मी त्याच जागेवरून, दोन पावलं मागून बघायला लागले. माझे विद्यार्थी याला शिस्त म्हणतात. आई म्हणते, “हिचा काळीज फ्रिजात ठेवलाय.”

बाबा एसटीत कंडक्टर होते. रत्नागिरी-गणपतीपुळे फेरीवर त्यांचा आवाज मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत बिनघंटीचा जायचा. पण त्या आवाजाचा खरा मान गाडीत नव्हता, गावात होता. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर बसते, तेव्हा गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. नारळ दोन्ही हातांत धरून देवीला सगळ्या गावाच्या वतीने सांगायचं, मागायचं. कुणाचा मुलगा आखातात आहे, कुणाचं लग्न जुळत नाही, कुणाच्या कलमांना मोहोर धरत नाही. प्रत्येक मागण्याच्या शेवटी मागे उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी एका आवाजात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” ते म्हटलं की मागणं गावाचं झालं. नाही म्हटलं तर ते एकट्या माणसाचं बोलणं, देवीपर्यंत जात नाही, अशी आमच्यातली समजूत.

ऑपरेशन ठरल्याची बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, पडवीत येऊन बसले. बाबांच्या नंतर मान त्यांचा. चहा झाला, काजूच्या भावाचं झालं, मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, “शिमग्याचा काय? नाय, म्हंजे विचारून ठेवलेला बरा.”

“मीच घालनार,” बाबा म्हणाले.

“आवाज?”

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “ही कॉम्प्युटरात हाय ना.”

काका गेल्यावर बाबांनी मला विचारलं. आमच्या प्रयोगशाळेत असं यंत्र होतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. माणसाचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, त्यावरून यंत्र तो आवाज शिकतं आणि मग टॅबलेटवर काहीही टाइप केलं की त्याच आवाजात बोलून दाखवतं. घशाची ऑपरेशनं झालेल्या लोकांसाठीच ते केलेलं. बाबांना बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं. पाणी मागायला, चहा मागायला आवाज कशाला पाहिजे, ते हाताने मागता येतं म्हणाले.

“गाऱ्हाना घालता येल काय त्यातनं? तेवढा सांग.”

“येईल,” मी म्हटलं.

माजघराच्या खिडक्यांना मी गोधड्या टांगल्या, कारण आवाज घुमता कामा नये. शेजारच्यांना पंप बंद ठेवायला सांगितलं. बाबा आत आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, भांग पाडून. मी म्हटलं, “बाबा, फोटो नाहीये, आवाज आहे फक्त.” तरी वरचं बटण लावूनच बसले. माइक त्यांच्या तोंडासमोर आणला, कागद हातात दिला. प्रयोगशाळेने ठरवून दिलेली वाक्यं होती, मराठीतले सगळे ध्वनी येतील अशी. बाबांनी चष्मा सारखा केला, खाकरले आणि वाचायला लागले.

“आज हवामान कोरडे राहील. कृपया दरवाजा बंद करा. आमच्या शाळेसमोर वडाचे मोठे झाड आहे.”

स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मी कानाला हेडफोन लावून आवाजाची पट्टी बघत होते. पट्टी छान हिरवी होती. एक वाक्य झालं की ते माइकपासून मान वळवून विचारायचे, “झाला काय गो? फुडचा वाचू?” मधेच मांजर आलं की, “हाड मेल्या, तुला आताच यायचा होता?” आईला हाक, “चायचा काय झाला?” आणि परत माइककडे वळले की, “रेल्वे फलाट क्रमांक तीनवर येत आहे.”

सगळी वाक्यं झाल्यावर मी म्हटलं, आता एकदा गाऱ्हाणंच म्हणा, तेच रेकॉर्ड करून ठेवू, म्हणजे काम पक्कं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले होते.

“फुडं देव न्हाय, मागं मानूस न्हाय. कोनाला घालू? ह्या डबीला?”

“नुसतं सराव म्हणून.”

“गाऱ्हान्याचा सराव नसतो, बाय. उगाच घातलेला उगाच जाता.”

मी हट्ट केला नाही. माझ्या धंद्यात समोरच्याला जबरदस्ती करत नाहीत. माइक गुंडाळला, गोधड्या उतरवल्या, शेजाऱ्यांना पंप लावा म्हटलं.

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. बरं झालं. गळ्याच्या खालच्या भागात श्वासासाठी भोक, त्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा. घरी आल्यावर मी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. आवाज तयार होऊन आला होता. विद्यार्थ्यांनी मन लावून काम केलं होतं, तक्रारीला जागा नव्हती. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. बाबांनी दोन बोटांनी बराच वेळ टाइप केलं आणि बटण दाबलं.

“मला थोडे पाणी हवे आहे.”

आईने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि दाराबाहेर बघितलं. कोणी परका पुरुष आला असं तिला वाटलं. मग टॅबलेटकडे बघून म्हणाली, “अगो बाई! ह्यो कोन?”

बाबांनी परत दाबलं. परत तेच. सुटी सुटी अक्षरं, तळाला बाबांच्या घशाची खरखर, पण बोलणारा माणूस भलताच. टीव्हीवर बातम्या देणारा. आई हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले, मग ती तांदूळ घेऊन आत गेली. बाबांनी आवाज कमी करायचं बटण शोधलं. ते त्यांना लगेच सापडलं. मला बरं वाटलं की ते आम्ही मोठं ठेवलं होतं.

मी मूळ फायली परत उघडल्या. काय झालं ते कळायला फार हुशारी लागत नव्हती. माइक म्हणजे रेडिओ, आणि रेडिओवर शुद्ध बोलायचं. आमच्याकडचा कुठलाही माणूस हेच करील, मान राखायचा म्हणून. कोणी पाहुणा आला की आपण फाटकी गोधडी आत टाकतो, तशी आपली बोली आत टाकायची आणि परीटघडीची बाहेर काढायची. बाबांनी शर्ट इस्त्रीचा घातला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण पट्टी हिरवी होती. आणि जिथे ते माइकपासून मान वळवून बोलले होते, मांजराला शिव्या घातल्या होत्या, मला बाय म्हटलं होतं, तेवढे सगळे तुकडे आमच्या यंत्राने आपोआप गोंगाट म्हणून कापून टाकले होते. नियमच तसा आहे. ठरलेल्या वाक्याबाहेरचं सगळं काढून टाकायचं.

प्रयोगशाळेत फोन केला. घरात रेंज नसते, म्हणून वरच्या सड्यावर, कातळावर उभं राहून बोलावं लागतं. विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, हे तुकडे फार कमी आहेत. शिवाय लांबून बोललेत. यावरून आवाज नाही बनणार.” मी म्हटलं, “ठीक आहे.” तो म्हणाला, “अजून काही रेकॉर्डिंग असेल तर?” लग्नाचा व्हिडिओ, फोनवरचं बोलणं, काहीतरी. आमच्याकडे नव्हतं. बाबा फोनवर “हां, बोल, ठेव” यापलीकडे कधी गेले नाहीत आणि फोटोत नेहमी तोंड मिटून. मी फोन ठेवला. वारा जोरात होता. रडायला ही जागा चांगली होती, कोणी नव्हतं. मी थोडं थांबून बघितलं. आलं नाही. खाली आले आणि पेपर तपासायला बसले.

पुढचे महिने असेच गेले. मी सुट्टी वाढवून घेतली. सकाळी बाबांच्या गळ्यावरचं कापड बदलायचं, कलमांत फिरून यायचं, सड्यावर जाऊन विद्यार्थ्यांशी बोलायचं. जेवण जायचं, झोप लागायची. माझं काय चाललंय असं कोणी विचारलं तर “बरं चाललंय” हे अगदी खरं उत्तर होतं. बाबा टॅबलेट क्वचित उघडायचे. त्यांनी कॉटच्या लाकडावर अंगठीने ठोकायची पद्धत पाडली होती आणि आई त्या ठोकण्याशी तासन्‌तास भांडू शकायची. “त्या डबड्यापेक्षा ही टकटक बरी,” म्हणायची, “निदान ओळखीची तरी हाय.”

पण शिमगा जवळ आला तसे बाबा टॅबलेट घेऊन बसू लागले. चष्मा लावून, दोन बोटांनी, ओळीमागून ओळ. गाऱ्हाणं लिहीत होते. मला फक्त एवढंच करायला सांगितलं की प्रत्येक ओळीनंतर यंत्राने थांबायला हवं, माणसांना “व्हय म्हाराजा” म्हणायला जागा हवी. मी ते करून दिलं. करताना ओळी वाचल्या. लिहितानाही परीटघडीच. “हे देवी महाराजा, आज तुझी लेकरे तुझ्या चरणी जमली आहेत.” प्रत्येक घराचं एक मागणं होतं. आमच्या घरासाठी एकच छोटी ओळ होती, दरवर्षी असायची तीच. “माझी लेक परमुलखात आहे, तिला सुखी ठेव.”

मी म्हटलं, “बाबा, मी तर इथेच आहे सध्या.”

त्यांनी हात उडवला. राहू दे, असा.

काका परत येऊन गेले. या वेळी काही बोलले नाहीत. बाबांनी त्यांना टॅबलेट दाखवला, बटण दाबून पहिली ओळ ऐकवली. काकांनी मान डोलावली. “आवाज खणखणीत हाय,” म्हणाले. खोटं बोलताना ते नेहमी मिशीला हात लावतात.

पालखी सहाणेवर बसली तेव्हा ऊन चढलं होतं. ढोल थांबले. मानकरी ओळीने उभे राहिले, त्यांच्यामागे पुरुष, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि बाजूला आम्ही बायका. बाबांनी एका हातात नारळ धरला होता, दुसऱ्या हाताने टॅबलेट छातीशी. स्पीकर मी जोडून दिला होता. माझी जागा बायकांत पहिल्या रांगेत, तिथून बाबा मला बाजूने दिसत होते. मला नेहमीसारखं दोन पावलं मागे उभं राहिल्यासारखं वाटत होतं. आता माणूस यंत्र वापरणार होता आणि मी बघणार होते.

त्यांनी बटण दाबलं. “हे देवी महाराजा, आज तुझी लेकरे तुझ्या चरणी जमली आहेत. त्यांच्यावर तुझी कृपादृष्टी राहू दे.”

यंत्र थांबलं. मी ठेवली होती तेवढी जागा ठेवून थांबलं.

कोणी काही बोललं नाही. मुद्दाम नव्हे. लोक वाट बघत होते, गाऱ्हाणं सुरू कधी होतंय याची. दोघातिघांनी पुटपुटल्यासारखं केलं आणि बाकीचे गप्प बघून तेही थांबले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “बातम्या लागल्या रे,” आणि दबकं हसू आलं. तेवढ्यात यंत्राने पुढची ओळ सुरू केली. त्याला काय, त्याची वेळ झाली होती. दुसरी जागाही तशीच रिकामी गेली. तिसरी ओळ सुरू झाली तेव्हा बाबांनी ते बंद केलं.

टॅबलेट त्यांनी खाली, नारळांच्या करंडीशेजारी ठेवला. आता संपलं, असं मला वाटलं. काका एक पाऊल पुढे सरकले. त्यांचाच मान होता पुढे, ते घालतील, सगळं रीतसर होईल. मी बाबांना घरी न्यायच्या तयारीने पदर खोचला.

बाबांनी नारळ दोन्ही हातांत घेतला, पालखीकडे तोंड केलं आणि बोलायला लागले.

आवाज नव्हताच. गळ्यावरचं कापड श्वासाने वरखाली होत होतं, फस फस एवढंच ऐकू येत होतं. पण ओठ हलत होते आणि ते ओठ बातम्या देत नव्हते. मान हलत होती, भुवया वर जात होत्या, नारळ मागण्यासारखा पुढे होत होता आणि ओळ संपली की खाली येत होता. माझ्या आयुष्यात दर शिमग्याला मी हेच बघितलं होतं. फक्त आवाज वजा झाला होता.

नारळ खाली आला. आणि काका, बाबांच्या खांद्यामागे उभे असलेले, त्यांच्या तोंडाकडे बघत, भसाड्या आवाजात एकटेच ओरडले, “व्हय म्हाराजा!”

बाबांनी वळून बघितलं नाही. पुढची ओळ सुरू केली. नारळ वर गेला, खाली आला. या वेळी काकांबरोबर मानकरीही होते. तिसऱ्या वेळी सगळे. पाठीमागच्यांना बाबांचे ओठ दिसतही नव्हते. ते नारळाकडे बघत होते. काय मागितलं जातंय याचा पत्ता नव्हता आणि सगळा गाव घसा फोडून होय म्हणत होता. “व्हय म्हाराजा!” ढोलवाल्यांनी काठ्या काखेत मारून हात जोडले होते. आई माझ्या शेजारी ओरडत होती. मी ओरडत नव्हते. मी बघत होते. ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न करत होते, घरं ओळखत होते. हे आखातातल्या मुलाचं. हे कलमांचं.

मग त्यांचे ओठ मिटले आणि उघडले. बाय. तेवढं मला स्पष्ट दिसलं.

आमच्या घराची ओळ छोटी होती. मी स्वतः ती वाचली होती, तिच्यापुढची जागा मोजून ठेवली होती. पण बाबा थांबेचनात. ओठ हलत राहिले. नारळ वरच राहिला. ते देवीला काहीतरी समजावून सांगत होते, मधेच मान हलवून नाही म्हणत होते, परत सांगत होते. माझ्याबद्दल. टॅबलेटवर टाइप न केलेलं, माझ्यासमोर कधी न काढलेलं. मला एक अक्षर ओळखता आलं नाही. माणूस यंत्राला काय सांगू पाहतो ते ओळखण्यात जन्म गेला माझा, आणि बाप देवीला माझ्यासाठी काय सांगतोय ते मला कळेना. माझे पाय डॉक्टरांच्या खोलीतल्यासारखे गार पडले.

नारळ खाली आला.

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

बाबांनी पहिल्यांदाच मान वळवली. सगळ्या माणसांवरून नजर फिरवत त्यांनी बायकांच्या रांगेत बघितलं. माझ्याकडे. ते थांबले होते. काका त्यांच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. आईने मला कोपराने ढोसलं, “म्हन की गो!”

माझा आवाज फुटला तो फाटकाच, रडका, आणि पुण्या-मुंबईचा अजिबात नव्हता. मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

बाबांनी पालखीकडे तोंड केलं आणि पुढच्या घराचं सुरू केलं.